तुटलेला बोल्ट, आणि त्यात मोडलेलं ईझी-आउट: काढण्याचा नीट क्रम

लेथवाल्याकडे इंजिनचं हेड (सिलेंडरवरचं झाकण) येतं तेव्हा बहुतेक वेळा अवस्था सारखीच असते. सायलेन्सरचा एम-६ किंवा एम-८ (६ किंवा ८ मिमी जाडीचा) स्टड, म्हणजे डोकं नसलेला बोल्ट, हेडच्या पृष्ठभागाशी तुटलेला, त्यात एका बाजूला सरकलेलं भोक, आणि भोकात मोडलेलं ईझी-आउट, म्हणजे तुटका बोल्ट काढायला त्याच्या भोकात घालून उलटी फिरवायची कडक पोलादी काडी. नुसता तुटलेला स्टड आणला असता तर तासाभराचं काम होतं. ईझी-आउट मोडलं की ते दिवसावर जातं आणि कधीकधी हेडच जातं. स्टड तुटला यात बिघडत नाही. बिघडतं ते पुढच्या दहा मिनिटांत, जेव्हा हाताशी असलेलं ईझी-आउट सर्वांत आधी वापरलं जातं.

ते आधी का वापरायचं नाही, हे एकदा हिशेबाने पाहू. सळीची पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. एम-८ बोल्टचा आट्यांखालचा गाभा साधारण साडेसहा मिमी असतो. त्यात बसणाऱ्या ईझी-आउटचा बारीक भाग असतो जेमतेम चार मिमी. धातू एकच धरला तर त्याची ताकद बोल्टच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी भरते. ईझी-आउटचं पोलाद कडक असतं म्हणून थोडं जास्त सोसतं, पण ते वाकून इशारा देत नाही, कडकन मोडतं. शिवाय ते निमुळतं असल्याने पाचरीसारखं आत घुसतं आणि पोकळ झालेल्या बोल्टची भिंत बाहेर, भोकावर दाबते. म्हणजे गंजाने धरलेला बोल्ट आणखी घट्ट होतो. अख्खा बोल्ट पान्याच्या जोराने तुटला पण फिरला नाही, तो या काडीने फिरेल ही अपेक्षाच चुकीची आहे.

१. हात थांबवा आणि तुटणं वाचा

एकच प्रश्न आधी विचारा: बोल्ट आवळताना तुटला की सोडवताना?

आवळताना तुटला असेल तर आतले आटे बहुधा मोकळे आहेत. डोकं उडालं तेव्हाच बोल्टमधला ताण संपला, आत उरलेला तुकडा सैल आहे. अशा तुकड्याला टोकदार सुईने किंवा बारीक छिन्नीने कडेला टोचून सोडवायच्या दिशेला हळूहळू ढकललं तरी तो फिरतो. या जातीच्या तुकड्यासाठी ईझी-आउट चालतं.

सोडवताना तुटला असेल तर तो गंजाने धरलेला आहे. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये पोलादी स्टड असेल तर दोन धातूंच्या मध्ये ओल शिरून पांढरी भुकटी धरते आणि ती सिमेंटसारखी बसते. कोकणात किंवा गोव्यात समुद्राजवळ फिरणाऱ्या गाड्यांना हा त्रास लवकर होतो. या तुकड्याला उष्णता किंवा वेल्डिंग लागणार, नाहीतर ड्रिलने पूर्ण पोखरावा लागणार. ईझी-आउट नाही.

२. तयारी

शेजारचा साबूत स्टड किंवा बोल्ट काढून मोजा. व्यास, आट्यांचं अंतर आणि तो किती आत जातो, तिन्ही लिहून ठेवा. आट्यांचं अंतर डोळ्यांनी ठरवू नका, पिच गेज (आट्यांचं अंतर मोजणारी दातेरी पट्टी) लावा. एम-१० मध्ये १.२५ आणि १.५ हे दोन्ही सर्रास सापडतात. टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) मारण्याआधीच्या ड्रिलचे आकडे असे: एम-६ × १ ला ५ मिमी, एम-८ × १.२५ ला ६.८, एम-१० × १.२५ ला ८.८ आणि एम-१० × १.५ ला ८.५. हे आकडे पुढे दोनदा लागणार आहेत.

भोकाच्या मागे काय आहे ते समजून घ्या. बंद भोक आहे की आरपार? मागे पाण्याची वाट आहे की तेलाची? किती मिमी गेल्यावर थांबायचं हे ठरवून ड्रिलवर चिकटपट्टीची खूण करा.

हेड गाडीवरच असेल तर पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवा. इंजिन फिरवून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद स्थितीत आणा आणि पोर्टमध्ये (धूर बाहेर पडायच्या तोंडात) फडकं दाबून भरा, म्हणजे लोखंडाचा कीस सिलेंडरमध्ये जाणार नाही. किती फडकी भरली तेही लिहा. जागा अडचणीची असेल, ड्रिल सरळ धरता येत नसेल, तर हेड उतरवा. गॅस्केटचा खर्च वाचवण्यासाठी तिरकं भोक पाडलेली हेडं मी बरीच पाहिली आहेत, आणि त्यांतल्या प्रत्येकाला गॅस्केटपेक्षा जास्त खर्च आला.

तपासणी: चष्मा डोळ्यावर आहे का? कपाळावर असलेला धरायचा नाही. कडक पोलादाचा तुकडा उडतो तेव्हा पापणी मिटायलाही वेळ मिळत नाही.

३. भिजवणे, ठोके, उष्णता

तारेच्या ब्रशने तुकड्याभोवतीचा गंज आणि काजळी काढा. मग गंज सोडवणारं तेल टाका आणि रात्रभर राहू द्या. डब्ल्यूडी-४० चालेल. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल (एटीएफ) आणि ॲसिटोन यांचं निम्मंनिम्मं मिश्रणही काम करतं, फक्त ते एकत्र टिकत नाही, दर वेळी हलवून घ्यावं लागतं. तेल टाकल्यावर तुकड्याच्या मधोमध पंच ठेवून हलक्या हातोडीने दहा-पंधरा ठोके द्या. ठोक्याने गंजात बारीक भेगा पडतात आणि तेल आत ओढलं जातं. जोरात मारू नका. आट्यांचं तोंड फुललं तर तुकडा आतच अडकतो.

आता उष्णता. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. ८ मिमीच्या भोकाला १०० अंश वाढ दिली तर भोक सुमारे ०.०१८ मिमीने मोठं होतं, आतला पोलादी तुकडा सुमारे ०.०१० मिमीने. फरक मिमीच्या शंभराव्या भागाहूनही किंचित कमी आहे, पण धरलेला गंज सोडवायला बहुतेक वेळा तेवढा पुरतो. म्हणून ॲल्युमिनियममध्ये तापवायचं ते स्टडभोवतीचं अंग, स्टड नव्हे. हॉट एअर गनने १२० ते १५० अंशांपर्यंत न्या. पाण्याचा थेंब टाकताच चरचरून उडाला म्हणजे शंभराच्या वर गेलात.

बिडाच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे ट्रॅक्टरच्या मॅनिफोल्डच्या स्टडसारख्या ठिकाणी, हा फरक मिळत नाही, कारण बीड आणि पोलाद जवळजवळ सारखंच फुगतात. तिथे उलट करायचं: तुकड्यालाच झपाट्याने तापवायचं आणि थंड होऊ द्यायचं. तापताना तो भोकात दाबला जाऊन गंज चिरडतो, थंड होताना आकसून सुटतो.

इशारा: ॲल्युमिनियम लाल होऊन सांगत नाही. रंग न बदलता ते एकदम खाली बसतं. त्यामुळे त्यावर गॅस कटरची ज्योत नको. तेल किंवा ॲसिटोन टाकल्यावर लगेच ज्योत लावू नका. आणि क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने धुतलेला भाग तापवू किंवा वेल्ड करू नका, त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

४. तुकडा वर दिसत असेल तर

पाच-सहा मिमी वर असेल तर दोन समोरासमोरच्या बाजू कानशीने सपाट करा आणि लॉक होणाऱ्या पकडीने घट्ट धरा. साध्या पकडीने घसरत राहाल आणि तुकडा गोल कराल. आधी किंचित आवळायच्या दिशेला हलवा, मग सोडवायच्या. पाव आटा पुढे, थोडं मागे, तेल, पुन्हा पुढे. चिवट स्टड कधीच एका दमात येत नाही. फिरवताना स्प्रिंगसारखं लवचीक लागलं तर थांबा: तुकडा फिरत नाही, पिळला जातो आहे. परत तिसऱ्या टप्प्यावर जा.

५. नट वेल्ड करणे

गंजाने धरलेल्या तुकड्यासाठी माझा पहिला भरवसा यावर आहे. कारण साधं आहे: पकड मिळते आणि उष्णता नेमकी तुकड्याच्या पोटात जाते, एकाच वेळी.

आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प त्याच हेडवर, तुकड्याच्या अगदी जवळ लावा. क्लॅम्प चेसिसवर लांब लावली तर करंट बेअरिंगांमधून वाट काढतो आणि ती खराब होतात.

तुकडा पृष्ठभागाशी सम असेल तर त्यावर आधी वॉशर ठेवा. वॉशरचं भोक तुकड्याच्या जाडीएवढं किंवा किंचित लहान असू द्या. मिग वेल्डिंगने (यात वायर यंत्रातून आपोआप पुढे येते) भोकाच्या मधोमध, तुकड्यावर टाका सुरू करा आणि मग कडेला न्या. वॉशर धरला की त्यावर नट ठेवून आतून भरा. एम-६ च्या तुकड्यावर एम-८ चा नट घ्या. लहान नटात वायरचं टोक नीट जात नाही, टाका नटाला बसतो आणि तुकड्याला बसतच नाही. ही सर्वांत जास्त होणारी चूक. तुकडा दोन-तीन मिमी आत असेल तर आधी त्यावर थोडं थोडं धातू चढवून टोक वर आणा. पोलादाचा टाका ॲल्युमिनियमला चिकटत नाही, त्यामुळे भोकाच्या भिंतीची फार काळजी नको. बिडात मात्र टाका भिंतीला चिकटतो, तिथे हात अगदी मधोमध ठेवावा लागतो.

टाका झाल्यावर लगेच पाना लावू नका. लाली जाऊ द्या, आणखी मिनिटभर थांबा. मग कडेला मेणबत्ती टेकवा. मेण वितळून आट्यांत शिरतं आणि वंगणाचं काम करतं. रिंग पान्याने पुढे-मागे हलवा. नट तुटून हातात आला तर वाईट वाटून घेऊ नका, दुसरा लावा. तीन-चार नट गेल्यावर सुटलेले स्टड कितीतरी आहेत, कारण प्रत्येक वेळी उष्णतेचा एक फेरा आत जातो.

६. ड्रिल करून पोखरणे

वेल्डिंगने जमलं नाही किंवा यंत्र हाताशी नसेल तर ड्रिल. इथे सगळं यश पहिल्या खुणेवर आहे.

तुकड्याचं वरचं तोंड ग्राइंडरने किंवा कानशीने आधी सपाट करा. तुटलेला पृष्ठभाग खडबडीत आणि तिरका असतो, त्यावर सेंटर पंच बसवला तरी ड्रिल उताराकडे घसरतं. सपाट झाल्यावर मध्य काढा, हलका पंच मारा, भिंगातून बघा. सरकला असेल तर पंच तिरका धरून खूण मध्याकडे ओढा आणि मग जोराचा ठोका द्या.

याहून खात्रीचा मार्ग म्हणजे मार्गदर्शक बुश. लेथवाल्याकडून एक पोलादी बुश करून घ्या: बाहेरून सायलेन्सरच्या फ्लँजच्या (स्टडवर बसणाऱ्या पट्टीच्या) भोकात बसणारी, आतून ३ मिमी भोक. फ्लँज शेजारच्या साबूत स्टडवर आवळा, बुश बसवा आणि तिच्यातून ड्रिल करा. पाव तासाचं लेथकाम आहे आणि भोक मधोमध येतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरसारख्या भागात अशी बुश तुम्ही उभे असतानाच करून मिळते.

ड्रिल डाव्या फिरकीचं मिळालं तर तेच घ्या आणि मशीन उलट फिरवा. कापताना ते सोडवायच्या दिशेलाच ओढतं, आणि बरेचदा चार मिमीच्या आसपास तुकडा स्वतःच ड्रिलला धरून वर येतो. क्रम एम-८ साठी असा: ३ मिमी, मग ४.५, मग ५.५, शेवटी ६.५. वेग कमी ठेवा. स्टडच्या चिवट पोलादात ३ मिमीला मिनिटाला साधारण १५०० फेरे, ६.५ ला ७०० पुरेत. जास्त वेगाने ड्रिलचं टोक जळतं, तुकड्याचा पृष्ठभाग घासून कडक होतो आणि मग दुसरं ड्रिलही घसरतं. कापणारं तेल टाकत राहा, दर दोन मिमीला ड्रिल बाहेर काढून कीस झटका.

तपासणी: ३ मिमीचं भोक झाल्यावर थांबून बघा. चारही बाजूंनी भिंत सारखी जाड आहे का? अर्ध्या मिमीहून जास्त सरकलं असेल तर पुढचं मोठं ड्रिल घालू नका. ॲल्युमिनियम मऊ असल्याने भोक एकदा काठाला टेकलं की ड्रिल तिकडेच पळतं आणि अंड्याच्या आकाराचं भोक तयार होतं. अशा वेळी काम मिलिंग मशीनवर द्या.

६.५ वर थांबायचं. ६.८ हे टॅपचं माप आहे, तिथवर गेलात आणि मध्य किंचित चुकला असेल तर आटे गेले. ६.५ झाल्यावर बोल्टची उरलेली भिंत पातळ पन्हळीसारखी असते. टोकदार सुईने एक कड आत दाबा, वेटोळ्यासारखी ओढून काढा.

७. ईझी-आउट वापरायचंच असेल तर

फक्त आवळताना तुटलेल्या, सैल तुकड्यासाठी. भोक ईझी-आउटवर लिहिलेल्या मापाचंच पाडा आणि तुकडा ठिसूळ वाटत नसेल तर शक्य तितक्या मोठ्या नंबरचं घ्या. पिळाच्या निमुळत्या प्रकारापेक्षा सरळ कडांचं चांगलं, ते भिंत कमी फुगवतं. टॅप हँडल लावा आणि दोन्ही हातांनी सारखा जोर द्या. एका बाजूला पाना लावून ओढलं की तिरका जोर बसतो, आणि जास्त ईझी-आउट पिळाने नाही तर या तिरक्या जोरानेच मोडतात. लवचीक लागलं तर सोडून द्या.

८. ईझी-आउट आत मोडलं

आता साधं ड्रिल हातात घेऊ नका. ईझी-आउट ड्रिलच्याच तोडीचं कडक असतं, ड्रिल त्याला ओरखडाही काढत नाही. उलट बाजूला घसरून ॲल्युमिनियम खातं. टॅप मोडला असेल तरी नियम हेच.

टोक वर असेल तर बारीक पकडीने धरा आणि आवळायच्या दिशेला फिरवा. इथे बहुतेक जण चुकतात. पिळाचं ईझी-आउट सोडवायच्या दिशेला फिरवलं की आत रुतत जातं, म्हणून त्याला बाहेर काढायचं तर दिशा उलटी. भोक आरपार असेल तर मागून बारीक पंचने ठोका. निमुळता तुकडा मागे ढकलला की लगेच सुटतो.

तसं जमत नसेल तर तो फोडता येतो का बघा. तुकडा कडक म्हणजेच ठिसूळ. टोकदार कडक पंच आणि छोटे, तीक्ष्ण ठोके देऊन तो तुकड्या-तुकड्यांत निघतो. बिडात हे जमतं. पातळ ॲल्युमिनियममध्ये जपून, कारण ठोका अंगाला तडा देऊ शकतो.

फुटत नसेल तर कार्बाइड. ३ मिमीचा कार्बाइड बर (पोलादाहून कडक धातूचं कापणारं टोक) पेन्सिल ग्राइंडरला लावून मधोमध थोडं थोडं खायचं. बर ॲल्युमिनियमला लागला की लोण्यासारखं कापतो, म्हणून हात टेकवून आणि भिंगातून बघत काम करा. हे घाईचं काम नाही, एका तुकड्याला तास जातो. कार्बाइडचं ड्रिल हातमशीनला लावू नका, हात जरा हलला की तेही मोडतं आणि आत तिसरा तुकडा होतो. ते मिलिंग मशीनवरच.

हेड महाग असेल किंवा जागा नाजूक असेल तर सरळ स्पार्क इरोजनकडे जा. साच्यांची कामं करणाऱ्या टूलरूममध्ये हे यंत्र असतं. भोसरी, सातपूर, वाळूज अशा एमआयडीसींमध्ये विचारलं की सापडतं. तांब्याची बारीक कांडी तुकड्याजवळ आणून तेलात विजेच्या ठिणग्या पाडतात, त्या धातू कणाकणाने उडवतात. कडकपणाचा इथे संबंध येत नाही, वीज वाहिली की झालं. आटे शाबूत राहतात. हेड पूर्ण मोकळं करून, धुऊन न्या, आणि बोल्टचं माप लिहून द्या. कांडी केवढी घ्यायची ते त्यावर ठरतं.

आणखी एक मार्ग, फक्त ॲल्युमिनियमसाठी: तुरटी. गरम पाण्यात विरघळेल तेवढी तुरटी घातली आणि त्यात भाग गरम ठेवला तर पोलाद हळूहळू खाल्लं जातं, ॲल्युमिनियमला फारसं काही होत नाही. वेळ तासांत नाही, कधीकधी दिवसांत मोजावा लागतो, आणि मिश्र धातूंचं कडक टॅप आणखी वेळ घेतं. भांडं काचेचं घ्या. मात्र हेडमध्ये व्हॉल्व्ह सीट आणि गाइड बसलेली असतात, तीही लोखंडी. तुरटीचं पाणी त्यांनाही खातं. त्यामुळे पूर्ण हेड बुडवू नका. साइड कव्हरसारख्या सुट्या भागांसाठी हे ठेवा, तेही आतली लोखंडी बुश काढता येत असेल तर.

९. आटे तपासा, मगच नवा स्टड

भोक हवेने फुंकून साफ करा. टॅप हाताने, तेल लावून, अर्धा फेरा पुढे आणि पाव मागे. सुरुवात तीन टॅपच्या संचातल्या पहिल्या टॅपने करा. थेट तिसरा, तळाचा टॅप घातला तर तो जुन्या आट्यांवर बसत नाही, नवे तिरके काढतो.

साबूत बोल्ट हाताने शेवटपर्यंत गेला पाहिजे, आणि आत गेल्यावर वर-खाली हलता कामा नये. हलत असेल तर आटे गेले आहेत. तिथे मोठा बोल्ट घालण्यापेक्षा हेलिकॉइल (नव्या आट्यांचं काम करणारी तारेची स्प्रिंग) बसवा. एम-८ साठी ८.३ मिमीचं ड्रिल, मग हेलिकॉइलचाच खास टॅप, आणि स्प्रिंग पृष्ठभागाच्या अर्धा आटा खाली. खालची दांडी तोडून तुकडा बाहेर काढायला विसरू नका. नीट बसवलेली हेलिकॉइल मूळ ॲल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा जास्त टिकते.

इशारा: बंद भोकात तेल किंवा पाणी साठू देऊ नका. द्रव दाबला जात नाही, बोल्ट आवळताना तो बीडही फोडतो.

नव्या स्टडला उष्णता सोसणारं अँटी-सीझ (आटे पुन्हा धरू नयेत म्हणूनचं मलम) पातळ लावा आणि सायलेन्सरला तांब्याचा मुलामा असलेले नट वापरा. टॉर्क गाडीच्या मॅन्युअलचाच घ्या. एम-६ ला साधारण १० न्यूटन-मीटर, एम-८ ला २० ते २५ हा अंदाज डोक्यात असू द्या. हे आकडे कोरड्या आट्यांचे आहेत. ग्रीस किंवा अँटी-सीझ लावलं की तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून थोडे कमी आवळा. टॉर्क पाना नसेल तर एम-६ च्या नटाला लांब पाना लावू नका.

शेवटी पोर्टमधली फडकी काढा आणि सुरुवातीला लिहिलेल्या आकड्याशी मोजून बघा. मग इंजिन हाताने दोन फेरे फिरवा. कुठे अडकलं नाही तरच स्टार्ट करा.